तापीबाईंचा समुद्र

निरीक्षण
(प्रयोगाच्या वहीत हे शेवटी लिहितात. भटूला सकाळी उठल्याबरोबर आधी हेच दिसलं, म्हणून आधी.)

ओट्यावर काचेची मोठी बरणी ठेवली होती. काठोकाठ भरलेली. काच इतकी लखलखीत की आत पाणी आहे की नुसतं ऊन, ते कळू नये. बुचावरची लाल लाख गायब होती. प्रयोगशाळेचा शिक्का लाखेबरोबर गेला होता.

"माय, हाई बरणी कोणी उघडी?"

"मीच. आखो कोण उघडी?" तापीबाई हाताची राख धूत म्हणाल्या. "कव्हानं पानी व्हतं रे त्यामा?"

"मार्च महिनानं."

"बघ. इतलं शियं पानी लिसन फिरी ऱ्हायना तू. चिंच लाईसन घासी काढी, आन विहिरनं ताजं भरी दिन्हं."

कोरीट गावात कालचं पाणी आज कुणी पीत नाही. पहाटे हंडे, घागरी, तांबे रिकामे करायचे, घासायचे, भरायचे. शिळं पाणी घरात ठेवणारी बाई गावाच्या तोंडी येते. परगावाहून आलेल्या एका बरणीला यातून सूट का द्यावी, हे तापीबाईंना कळण्याचं काही कारण नव्हतं.

"आन जुनं पानी?"

"वांगासले टाकं."

परसातल्या वांग्यांनी दुपारपर्यंत माना टाकल्या.

उद्देश

भटू बी.एस्सी. झाला होता आणि समुद्रकाठच्या एका सरकारी प्रयोगशाळेत, सागरी रसायन विभागात, संशोधन सहायक होता. गावात "भटू समुद्र तपासस" एवढंच माहीत होतं. प्रत्यक्षात तो बाटल्या धुवायचा, चिठ्ठ्या चिकटवायचा आणि "हो सर" म्हणायचा. नोकरी हंगामी होती.

विभागाचे प्रमुख डॉक्टरसाहेब. त्यांनी एक सिद्धांत मांडला होता : अमुक एका खोल जागी समुद्रात मॅग्नेशियम जगातल्या इतर सर्व समुद्रांपेक्षा जास्त आहे. तिथलं पाणी जहाजाने आणून नागपूरच्या मोठ्या प्रयोगशाळेत तपासायला जायचं, आणि दर वेळी उत्तर यायचं, "सर्वसाधारण." ही बरणी शेवटची. हिचंही उत्तर तेच आलं तर विभाग बंद होणार होता, आणि विभागाबरोबर भटू.

बरणी नागपूरला पोचवायची होती. सुरतेहून भुसावळकडे जाणारी गाडी नंदुरबारवरून जाते, आणि नंदुरबारला उतरल्यावर घरी जेवल्याशिवाय पुढे जाणारा मुलगा कोरीटला अजून जन्मायचा होता.

साहित्य

आता समुद्र घरीच बनवायचा होता, आणि त्याची कृती भटूला तोंडपाठ होती. मीठ घरात होतं. चुना पानाच्या डब्यात होता. खायचा सोडा शेजारी होता. मॅग्नेशियम कोरीटच्या कुठल्याच घरात नव्हतं. ते नंदुरबारच्या दवाखान्यात, जुलाबाच्या मिठाच्या रूपात, कंपाउंडर रूपचंदच्या कपाटात होतं.

"कोणले देवानं शे?" रूपचंदने विचारलं.

"समुद्रले."

रूपचंदने याआधी रेड्याला औषध दिलं होतं. त्याने चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही. "कव्हापासून बंद शे?"

"बंद नई, भाऊ. थोडंसंच दे. माले मोजीसन पाहिजे."

"थोडं मी कोणलेच देस नई. अर्धवट जुलाब म्हणजे मन्हा नाववर डाग." त्याने अख्खा डबाच बांधून दिला.

कृती

भटूने पाणी, मीठ, चुना, सोडा घातला आणि डब्यातलं बेताचं मॅग्नेशियम. इथपर्यंत सगळं शास्त्रीय होतं. मग ओट्यावर माणसं जमली, आणि त्यांत चुनीलाल होता.

चुनीलाल केळीवाला, शेजारच्या आळीचा. द्वारकेला जाऊन आलेला. अख्ख्या गावात समुद्र पोटात गेलेला माणूस तो एकटाच, कारण तिथे अंघोळ करताना लाटेने त्याला पाडलं होतं. त्याने पळीभर पाणी चाखलं, डोळे मिटले.

"नई रे भटू. मन्हा समुद्र यापेक्षा कडू व्हता."

"चुनीलालभाऊ, पुस्तकमा इतलंच देल शे."

"पुस्तक लिखणारा द्वारकाले जायेल शे का?"

ओट्यावरचे सगळे भटूकडे बघू लागले. पुस्तक लिहिणारा द्वारकेला गेला होता की नाही, हे भटूला खरंच माहीत नव्हतं. त्याने आणखी चमचा घातला.

"आते?"

"आखो कडू."

"आते?"

"जवळ येल शे. आखो."

डबा रिकामा झाला. चुनीलालने शेवटची पळी घेतली. त्याच्या कपाळावर घाम आला. "बठ्ठं बराबर शे," तो उठत म्हणाला आणि तापीबाईंचा तांब्या उचलून घाईघाईने नाल्याकडे गेला. नाल्याकडून हाक आली, "द्वारकालेबी असंच व्हयेल व्हतं."

यापेक्षा मोठा पुरावा ओट्यावर कुणी मागितला नाही.

कृती, जी पुस्तकात नाही

लाख सोनाराकडून आली. शिक्का कुठून आणायचा? नाणं लावलं तर नागपूरवाले ओळखतील. भटूची नजर आईच्या पायावर गेली.

"माय, जोडवं दे जरासं."

"काढानं नई. तुन्हा बाप जित्ता शे."

"मंग कसं करू?"

"पाय शे ना."

तापीबाई पाटावर बसल्या. भटूने बरणी आडवी धरली, लाख जरा निवू दिली, आणि भारत सरकारच्या सागरी नमुन्यावर तापीबाईंनी पायाचं बोट टेकलं. जोडव्यावरची वेलबुट्टी सुरेख उमटली. नागपूरच्या कारकुनाने ती निरखून पाहिली आणि नोंद केली : "सील शाबूत."

पुन्हा निरीक्षण

नागपूरचं उत्तर आलं. मॅग्नेशियम जगातल्या इतर सर्व समुद्रांपेक्षा जास्त.

डॉक्टरसाहेबांनी विभागात पेढे वाटले. ते दिल्लीच्या परिषदेत निबंध वाचणार होते. भटूने आपला पेढा कागदात गुंडाळून खिशात टाकला. दिल्लीत कुणी विचारलं तर साहेबांची अब्रू जाणार, मागोमाग आपली नोकरी. तो त्यांच्या खोलीत गेला आणि चिंचेपासून जोडव्यापर्यंत सगळं सांगून मोकळा झाला.

डॉक्टरसाहेबांनी उठून दार लावलं.

"म्हणजे हे पाणी समुद्राचं नाही?"

"आमच्या विहिरीचं आहे, सर."

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"अख्ख्या गावाला."

"गावात आपले निबंध कुणी वाचतं?"

"नाही, सर."

"आपल्या विभागातही कुणी वाचत नाही." साहेबांनी चष्मा पुसला. "मग अडचण कुठे आहे?"

"सर, ते जुलाबाचं मीठ आहे. त्यामुळे सल्फेटसुद्धा फार वाढलंय."

"पाहिलं मी. त्यावर दुसरा निबंध होईल."

"आणि आधीच्या बरण्यांतलं ते जहाजाचं पाणी?"

"जहाजावर पाणी नीट काढत नाहीत. कप्तानाला ताकीद गेली आहे." साहेब खुर्चीत रेलले. "पुढच्या वेळी मॅग्नेशियम जरा कमी ठेव. नैसर्गिक वाटलं पाहिजे. शिक्का मात्र तोच हवा. नागपूरच्या दप्तरात तो आता चढलाय. कसला म्हणालास?"

"आईच्या जोडव्याचा."

साहेब खुर्चीत पुढे झुकले. "त्यांची प्रकृती बरी असते ना?"

अनुमान

भटू कायम झाला. जहाज बंदरातच उभं राहू लागलं, आणि भटू वरचेवर सरकारी कामासाठी कोरीटला जाऊ लागला. रूपचंद डबा तयार ठेवी आणि समुद्राच्या तब्येतीची चौकशी करी. चुनीलालला मात्र नेमका त्याच दिवशी उपास निघे.

या खेपेला भटू दोन बरण्या घेऊन आला. रिकाम्या, कोऱ्या, कागदात गुंडाळलेल्या. तापीबाईंनी त्या तरीही चिंच लावून घासल्या. दिवसभर सगळं यथासांग झालं. लाख निवत आली तशा त्या पाटावर बसल्या, पाय धुतला, पुसला आणि पुढे केला.

"तुन्हा सायबले सांगजो," बोट टेकवता टेकवता त्या म्हणाल्या, "पानी आजनंच शे."