पोटात सगळं एकच!

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि कल्पना करा. तुमच्यासमोर काचेची एक मोठी बरणी आहे. ती म्हणजे तुमचं पोट! आता तिच्यात चमचाभर सूप घाला, दोन घास भात टाका, बटाट्याची एक फोड सोडा, वरून कस्टर्ड ओता आणि गरागरा ढवळा. काय दिसलं?

"शी!" म्हणालात ना? माझी नातही अगदी हेच म्हणाली.

मी जन्मभर शाळेत विज्ञान शिकवलं. कोणतीही गोष्ट मुलांच्या गळी उतरवण्यात माझा हात धरणारा अजून जन्मायचाय! त्यामुळे आमची दुसरीतली नात ताटातले बटाटे कडेला सारायला लागली, तेव्हा मी ओरडलो नाही. शांतपणे उठलो, बरणी आणली आणि तिच्यात सगळं ढवळून दाखवलं.

"हे बघ," मी म्हणालो, "चव काय ती जिभेपुरती. पोटाला कुठे जीभ असते? आत गेलं की सगळं एकच! अन्न म्हणजे इंधन, दुसरं काही नाही."

"मग आजी वेगवेगळ्या भांड्यांत का करते?"

"सवय!" मी म्हणालो.

आत स्वयंपाकघरात झाकण जरा जोरातच आपटलं.

त्या दिवशी आजीशी बोलण्यात अर्थ नव्हता. संध्याकाळी तिची धाकटी बहीण जेवायला येणार होती आणि दोघींनी कित्येक वर्षं एकमेकींचं तोंड पाहिलं नव्हतं. कारण? एकदा पाहुण्यांनी भरलेल्या घरात धाकटी बोलून गेली, "ताई, सुपात मीठ विसरलीस वाटतं!" त्यावर थोरली फणकारली, "तुझी जीभ आहे की तिखट, मीठ कशाला हवंय?" झालं! शेवटी आमच्या हिनेच फोन करून जेवायला बोलावलं होतं. आज जमलं तर जमलं, नाही तर कायमचंच तुटलं.

"अहो, मला तिच्याशेजारी बसायचंय," ही सकाळपासून घोकत होती. "पण आधी सूप, मग भात, मग बटाटे, मग कस्टर्ड. सारखी वाढायला उठत बसले तर बोलणार कधी?"

हे मी एका कानाने ऐकलं. नातीने दोन्ही कानांनी ऐकलं.

संध्याकाळी बेल वाजली. दार उघडायला ही आणि मी, दोघंही गेलो.

"आलीस?"

"आले."

"बस."

"बसते."

दगडांच्या गप्पा याहून रंगत असतील! मी हवापाण्याचा विषय काढला. तोही कोपऱ्यात जाऊन बसला.

इतक्यात आतून आनंदाची आरोळी आली, "आजी, आता तुला सारखं उठावं लागणार नाही!"

आम्ही धावलो. नात स्टुलावर उभी होती. समोर घरातलं सगळ्यांत मोठं पातेलं. त्यात सूप, भात, बटाटे आणि कस्टर्ड गुण्यागोविंदाने नांदत होते. त्या रंगाला अजून कुणी नाव दिलेलं नाही! बाकीची भांडी मात्र लख्ख रिकामी.

"हे... हे कुणी शिकवलं तुला?" हिने विचारलं.

"आजोबांनी! पोटात सगळं एकच होतं."

दोघी बहिणी एकाच वेळी माझ्याकडे वळल्या. इतक्या वर्षांत त्यांनी मिळून केलेली ती पहिली गोष्ट!

"तो प्रयोग होता," मी म्हणालो. "छोट्या प्रमाणावरचा."

हिचे डोळे भरून आले. दिवसभराची मेहनत त्या पातेल्यात बुडाली होती. रागारागाने तिने डाव भरून बहिणीपुढे धरला. "घे, चाख! आणि बोल काय बोलायचंय ते!"

धाकटीने डावाकडे पाहिलं. मग बहिणीकडे.

"नको बाई! मागे एकदा चाखून बोलले, ते अजून निस्तरतेय."

 मग आमच्या हिच्या नाकातून कसलासा आवाज आला. मला वाटलं, रडतेय. ती हसत होती! धाकटी तर ओट्याला धरून खालीच बसली.

घरात उरली होती अंडी आणि पाव. दोघींनी तवा ठेवला.

"उलटू नकोस गं!"

"उलटणार! कच्चं कोण खाणार?"

"आई तुझ्याच बाजूने बोलायची नेहमी."

"आणि तू रडून माझं अंडं पळवायचीस!"

टेबलापर्यंत जायचं कुणाला सुचलंच नाही. ओट्याशीच जेवण सुरू झालं. न फुटलेल्या बलकाचं एकच अंडं होतं, ते हिने न विचारता बहिणीच्या ताटलीत सरकवलं. बहिणीने ते न बोलता खाल्लं.

"भाऊजींना काय वाढू?" धाकटीने विचारलं.

"पातेल्यातलं!" ही म्हणाली.

मी मास्तर माणूस. शिकवण्याची अशी संधी पुन्हा थोडीच येणार! घसा खाकरून मी नातीला जवळ घेतलं. "बाळ, नीट बघ हं. यावरून आपल्याला काय कळतं? अन्न म्हणजे नुसतं इंधन नव्हे, तर माणसाच्या आयुष्यात अन्नाचा खरा अर्थ..."

नातीने खिदळणाऱ्या दोघींकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. मग पावाचा चांगला मोठा तुकडा मोडला आणि माझ्या उघड्या तोंडात कोंबला.