तळ्याकाठी तासभर

"पाच मिनिटं!" गाडीतून उतरतानाच ऑर्व्हलने घड्याळ पाहिलं. "तळं बघ, फोटो काढ, की निघालो. चारच्या आत हिमनदी, सहाच्या आत धबधबा."

"पाच मिनिटांत माझा चष्मासुद्धा पुसून होत नाही," मेव्हिस म्हणाली. "सकाळपासून तीन तळी झाली, एकाचाही रंग आठवत नाही. मला एका तळ्याकाठी तासभर बसायचंय. तीस वर्षं वाट बघितलीय मी!"

ही तीस वर्षं ऑर्व्हल फ्लेट कॅनडाच्या उत्तरेतल्या चर्चिल गावात पर्यटकांना पांढरी अस्वलं दाखवत बस हाकत होता. निवृत्त झाल्यावर त्याने बायकोला रॉकी पर्वतात आणलं खरं, पण डोक्यातलं वेळापत्रक काही उतरलं नव्हतं. गावची आणखी एक सवयही सोबत आली होती. चर्चिलमध्ये गाडीला कुणी कुलूप लावत नाही. रस्त्यात अस्वल आडवं आलं, तर जवळच्या कुणाच्याही गाडीत शिरता यायला हवं ना! ऑर्व्हलने भाड्याची पांढरी गाडीही तशीच उघडी ठेवली.

दोघं पाटीपाशी फोटो काढून वळतात, तोच झाडीतून भलाथोरला एल्क, घोड्याएवढं सांबरच जणू, बाहेर आला. सप्टेंबरात माजावर आलेल्या या नरांचं डोकं फिरलेलं असतं. त्याने शिंगं खाली घातली.

"गाडीत शिर!" ऑर्व्हल ओरडला.

"कुठल्या?"

"कुठल्याही!"

त्याने पहिल्या गाडीचं दार हिसडलं. गाडी केकाटायला लागली. "कुलूप? अरे, माणसं आहेत की कोण!" दुसरीही केकाटली. त्या गोंगाटाने एल्क आणखीच पिसाळला. तिसरी, पांढरी गाडी मात्र उघडली. दोघं मागच्या सीटवर कोसळले.

पुढे एक जोडपं अंग चोरून बसलं होतं.

"फार उपकार झाले," ऑर्व्हल धापा टाकत म्हणाला. "गाडी उघडी ठेवलीत!"

"आमची नाही हो," पुढचा माणूस ओशाळून म्हणाला. "आमची ती केकाटतेय ना, ती. किल्ली तिकडे बाकावर राहिली. ही उघडी दिसली म्हणून... माफ करा हं."

"मग ही कुणाची?"

मेव्हिसने पायाखालून थर्मास काढला. "आपली," ती म्हणाली.

मग गाडीतल्या गाडीत माफ्या मागत, गुडघे वाचवत जागांची अदलाबदल झाली. मेव्हिस पुढे आली, पुढची बाई मागे ऑर्व्हलशेजारी गेली. समोरच्या काचेत अख्खं तळं होतं. एल्क मागची वाट अडवून बंपरला शिंगं घासत राहिला.

"चार वाजले. हिमनदी गेली!" ऑर्व्हल कण्हला.

"दहा हजार वर्षं तिथेच आहे ती. चहा घे."

"पाच वाजले, मेव्हिस!"

"बघ, तळं आता हिरवं झालं."

अखेर वनरक्षक आला. खिडकीशी गाडी लावून त्याने विचारलं, "हाकलू का याला?"

"हो, हो!" मागून ऑर्व्हल.

मेव्हिसने काच बोटभर खाली केली. "एवढा कप संपू दे, बाळा."

दुसऱ्या दिवशी धबधब्यापाशी उतरल्यावर, शहाणा झालेल्या ऑर्व्हलने आठवणीने गाडीला कुलूप लावलं. मेव्हिसने त्याच्या हातातून किल्ली घेतली आणि निमूटपणे गाडी पुन्हा उघडून ठेवली.