चारशे बारा आणि एक तेरडा

बालमित्रहो, एका जंगलात सगळ्या वनस्पतींची मोजदाद पुरी झाली होती. त्या चारशे बारा भरल्या. हा आकडा डॉ. साळिंदरबाईंनी काढला होता. त्यामुळे तो बरोबर होता, असे साळिंदरबाईंचे मत होते.

बाईंच्या ग्रंथाचे नाव ‘आपल्या जंगलातील वनस्पती : संपूर्ण’. ग्रंथात नसलेले रोप उपरे समजावे आणि नष्ट करावे, असे त्यांनी प्रस्तावनेत सुचवले होते. वनमंडळाला सबंध ग्रंथातले तेवढेच वाक्य समजले. मंडळाने त्याचा नियम केला आणि अंमलबजावणीसाठी गवारेड्याला नेमले. येत्या पंचमीला बाईंचा सत्कारही ठरला.

सत्काराला आठ दिवस उरले असताना बाई उतारावर गेल्या आणि थबकल्या. समोर तीन तेरडे फुलले होते. या जंगलात तेरड्याच्या जाती दोनच. वरच्या कातळसड्यावरचा बुटका, गुलाबी; ओढ्याकाठचा उंच, पिवळा. हे तिघे मधल्या उंचीचे आणि शेंदरी होते.

बाईंना आठवले. गेल्या वर्षी इथेच असे एक रोप उगवले होते. दोन तेरड्यांचा संकर. ते बी धरत नव्हते. ‘वांझ, दखल अनावश्यक’ असा शेरा मारून बाईंनी ते ग्रंथातून वगळले होते. त्याच्या शेकडो फुलांपैकी एका बोंडात मात्र तीन बिया धरल्या होत्या. ते बोंड बाईंनी तपासले नव्हते.

आता त्यांनी नव्या रोपाच्या बोंडाला हात लावला. ते फट्‌कन फुटले आणि टपोऱ्या बिया बाईंच्या नाकावर आदळल्या.

बाई काटेकोर होत्या. दोन्ही जुन्या तेरड्यांचे पराग त्यांनी नव्या फुलांना लावून पाहिले. चार दिवसांत ती फुले नुसतीच गळली. आपसांत मात्र तिघांना भरघोस बी धरत होते. दोन्ही जुन्या तेरड्यांकडून आलेला गुणसूत्रांचा वारसा या तिघांच्या पेशीपेशीत दुप्पट झाला होता; आता त्यांचे त्या तेरड्यांशी जमणार नव्हते. ही नवी जात होती. आकडा चुकला होता.

“हा उद्योग तुझा,” बाई शेंदरी फुलावर बसलेल्या मधमाशीवर कडाडल्या.

“माझा? अहो बाई, आम्ही एका फेरीत एकाच जातीची फुलं धरतो. सड्यावरच्या फुलात घातलेला काटा न पुसता ओढ्याकाठच्या फुलात कोणी खुपसला?”

बाईंनी पाठीवरचा मापाचा काटा उपसून पाहिला. त्याला आजही पिवळी भुकटी लागलेली होती.

“निरीक्षणात इतपत हस्तक्षेप गृहीत धरतात,” त्या म्हणाल्या.

“धरा हो. बारशाला तेवढं बोलवा!”

इतक्यात गवारेडा आला. त्याने तेरडे पाहिले, ग्रंथ चाळला आणि खूर उचलला.

“थांबा!” बाई आडव्या आल्या. “ही नवी जात आहे. जगात एवढी तीनच रोपं आहेत.”

“ग्रंथात नाही, बाई.”

“ग्रंथ चुकला आहे.”

“ग्रंथ चुकत नाही. प्रस्तावनेत लिहिलंय.”

“ते मीच लिहिलंय!”

“मग तुम्ही चुकत असाल. ग्रंथाचं मी बोलतोय.” गवारेड्याला बाईंची दया आली. “शुद्धिपत्र जोडलंत, तर मला पाय मागे घेता येईल. तशी तरतूद आहे.”

“शुद्धिपत्र? माझ्या ग्रंथाला? सत्काराच्या तोंडावर?”

“मग सरका. मला अजून दोन टेकड्या करायच्या आहेत.”

बाईंनी तेरड्यांकडे पाहिले. असली ओबडधोबड, बेशिस्त पाने त्यांना मुळीच आवडली नाहीत. मग त्यांनी एक चिठोरे घेतले आणि अत्यंत सुवाच्य अक्षरात लिहिले : ‘मुखपृष्ठ. “संपूर्ण” हा शब्द वगळावा.’ खाली नव्या तेरड्याची नोंद केली आणि सही ठोकली.

गवारेड्याने चिठोरे दोनदा वाचले, खूर खाली ठेवला आणि तो निघून गेला.

पंचमीला सत्कार ठरल्याप्रमाणे झाला. ग्रंथातली चूक वेळीच उघडकीस आणल्याबद्दल शाल गवारेड्याला मिळाली. बाईंना स्वागतपर दोन शब्द बोलायला सांगितले. त्या चाळीस मिनिटे बोलल्या.

तात्पर्य : ग्रंथ संपूर्ण राहावा असे वाटत असेल, तर तो छापून होताच जंगलात जाणे कटाक्षाने बंद करावे.