बत्तीस बोर पिस्तुलाच्या गोळीची मसलत

मिझुरी प्रांती कसबे सायकमोर येथे खिशातील पिस्तुलात गोळी कोणती घालावी, या एका मुद्द्यावरून जो संग्राम जाहला, सोयरे सोयऱ्यांस अंतरले आणि एक नवे वाहन धारातीर्थी पडले, त्याचे साद्यंत वर्तमान सज्जनांनी सावध होऊन ऐकावे. पदरचे काही घातले नाही. जे घडले तेच इतके आहे की घालण्यास जागा नाही.

कसब्यात राजमान्य राजश्री व्हर्लिनराव थ्रेडगिल, शाळेच्या पिवळ्या बसचे माजी सारथी, गुडघ्यांनी दगा दिल्याकारणे घरी बसोन होते. त्यांचे कुटुंब ओपलबाई, यांचे डोनटचे दुकान. डोनट उजाडण्यापूर्वी तळावे लागतात, सबब बाई अंधारातच निघत. त्या हिवाळ्यात दुकानासमोर एक करडा पिकअप ट्रक दिवे मालवून उभा राहू लागला. आत एक टोपीवाला इसम. तो उतरत नसे, डोनट घेत नसे, बाई कुलूप उघडीत तोवर पाहत बसे आणि मग निघोन जाई. शेरिफाच्या कचेरीत वर्दी दिली, तो जाब आला की गाडी उभी करणे हा गुन्हा नव्हे. बाईंनी हे वर्तमान घरी कांदा चिरता चिरता सांगितले, आणि सांगताना सुरी थांबली. इतक्या वर्षांच्या संसारात ती सुरी थांबलेली व्हर्लिनरावांनी पाहिली नव्हती. चित्ती बहुत खिन्न जाहले. आपण मर्द म्हणवितो आणि दोन पायऱ्या उतरताना कठड्यास लोंबकळतो, ऐसे वाटोन जेवण गोड लागेना.

मग कपाटातून वडिलार्जित बत्तीस बोरचे पिस्तूल बाहेर काढिले. पिस्तूल ते केवढे, तर मुठीत धरिले असता मूठ रिकामी वाटावी. ते बाईंच्या पर्समध्ये द्यावे हे ठरले. उरली गोळी. आणि येथेच घात जाहला, कारण व्हर्लिनराव तो प्रश्न घेऊन क्लेमंट योकम यांच्या बंदुकांच्या दुकानी गेले.

तेथे दरबार भरलेलाच होता, कारण ज्यास दुसरे काम आहे असा पुरुष तेथे येत नाही. ओपलबाईंचे धाकटे बंधू रॉइसराव पकेट यांनी कॉफीचा पेला खाली ठेवून फर्मान काढिले की पोकळ नाकाची गोळी घ्यावी. ती अंगात शिरताच उमलते आणि गनीम जागीच बसतो. यावर दुकानाचे धनी क्लेमंटसाहेब यांनी उलट फर्मान काढिले की मोठ्या बोरास ते शोभते. या चिमुकल्या गोळीस मुळात जोर थोडा, तो उमलण्यातच गेला तर आत शिरावयास काय उरेल? सबब तांब्याने मढविलेली, गोल नाकाची भरीव गोळी घ्यावी.

"दाजी, याचं ऐकू नका," रॉइसराव म्हणाले. "भरीव गोळी म्हणजे टाचणी. समोरचा उलट विचारेल, काय हो, हाक मारलीत का?"

"आणि तुझी गोळी जॅकेटातच उमलेल," क्लेमंट म्हणाले. "मग हार करून घाल त्याच्या गळ्यात."

झाले. पोकळपंथी आणि भरीवपंथी ऐशी कसब्यात दुफळी माजली. चर्चच्या सहभोजनात बटाट्याच्या सॅलडच्या अलीकडे एक फौज आणि पलीकडे दुसरी. थँक्सगिव्हिंगच्या सणास, टर्कीच्या जेवणास रॉइसराव भगिनीच्या घरी आले नाहीत. ज्यांस स्वतःच्या चपलांचे माप पत्नीस विचारावे लागते, ते गोळीच्या वजनावर बोलू लागले. व्हर्लिनराव उभय पक्षांचे ऐकोन रोज नवी पेटी आणीत आणि दुसरे दिवशी बदलीत. ट्रक इकडे नेमाने येत होता. त्याजकडे कोणी गेले नाही, कारण गोळीच ठरली नव्हती.

अखेरीस रॉइसरावांच्या कुरणात परीक्षा घ्यावी ऐसे ठरले. दुधाच्या रिकाम्या प्लास्टिकच्या कॅनांत पाणी भरून रांग लाविली आणि पुढल्या कॅनास जुन्या जीनच्या पँटी गुंडाळिल्या. रांगेच्या मागेच रॉइसरावांचे गवत कापावयाचे, बसोन चालवावयाचे, हिरवे नवेकोरे वाहन उभे होते. ते हलवावे ऐसे क्लेमंटसाहेबांनी सुचविले. रॉइसरावांनी ती सूचना हसण्यावारी नेली.

प्रथम पोकळ गोळी सुटली. तिच्या नाकात जीनचा बोळा बसला आणि ती न उमलताच निपचित पडली. दुसरी तर पिस्तुलाच्या घशातच अडकली. व्हर्लिनरावांनी ओढाताण केली, बोटाचे साल गेले, तेव्हा कोठे ती निघाली. पोकळपंथी आकाशाकडे पाहू लागले. मग भरीव गोळ्या भरिल्या आणि चाप ओढिला. गोळी पँट भेदून, कॅनांची फौज कापीत, पलीकडे त्या हिरव्या वाहनाच्या इंजिनात शिरली, आणि काळ्या तेलाची धार गवतावर लागली.

मग क्लेमंटसाहेबांनी विचारिले, "टाचणी होती ना?"

रात्रौ व्हर्लिनरावांनी भरलेले पिस्तूल पत्नीच्या हाती विधिपूर्वक दिले आणि गोळीचे गुण वर्णिले. बाईंनी सारे ऐकिले, पिस्तूल पर्समध्ये ठेविले.

"गोळी ठरली, बरं झालं," त्या म्हणाल्या. "पण मला तिथे उतरताना सोबत कुणीतरी हवं होतं, व्हर्लिन. तेवढं सोडून सगळं झालं."

दुसरे दिवशी व्हर्लिनराव बाईंच्या आधी गाडीत जाऊन बसले.

ट्रक होताच. व्हर्लिनराव उतरले, एक हात कोटाच्या खिशात घालून लंगडत त्याजपर्यंत गेले. काचेवर टकटक केली.

"कुणाची वाट बघतोयस?"

इसमाने खिशातल्या हाताकडे पाहिले. "कुणाची नाही."

"मग निघ. माझी बायको आहे ती. मी रोज येणार आहे."

ट्रक निघाला, तो पुन्हा कसब्यात कोणाच्या दृष्टीस पडला नाही. व्हर्लिनराव मागे वळतात तो ओपलबाई दारात किल्ल्या धरून उभ्या, आणि चेहरा पांढरा.

"पर्स घरी राहिली," त्या म्हणाल्या. "ओट्यावर. पिस्तूल तिच्यातच. मग खिशात काय होतं?"

व्हर्लिनरावांनी हात बाहेर काढून मूठ उघडिली. आत पेपरमिंटची एक गोळी, घामाने कागदास चिकटलेली. बाईंनी ती पाहिली, आणि किल्ल्या टाकून पायरीवर बसल्या आणि हसू लागल्या, त्या इतक्या की पदर नसल्याने बाहीने डोळे पुसून घ्यावे लागले.

येणेप्रमाणे सायकमोरच्या मोहिमेत फत्ते जाहली. दरबारी भरीवपंथीयांनी कॉफी वाटिली. पोकळपंथीयांनी कळविले की आमची गोळी असती तर तो इसम याहून लवकर पळाला असता. गोळी कोणती होती, ऐसे उभय पक्षांनी व्हर्लिनरावांस विचारिले. खाशांनी गालातील जिन्नस एका बाजूचा दुसऱ्या बाजूस केला आणि सांगितले की भरीव होती, गोल होती, आणि थोडी गोड.