गुलाबरावांचा अडलेला शब्द

आमच्या हुडकेश्वरच्या गल्लीत गुलाबरावांचा रोज सकाळी एक शब्द अडतो. अडला की ते साऱ्या गल्लीला सांगतात, आणि कुणी मदतीला गेलं की फोनवर तळहात ठेवतात.

फोनवरचं शब्दकोडं आहे ते. चौकटीत अक्षरं मांडलेली, त्यात उभे, आडवे, तिरपे शब्द लपलेले. रोज नवं कोडं. निवृत्त गुलाबराव फोन हातभर लांब धरून धडाधड शब्द काढतात. एवढ्या वेगानं तर आमच्याकडे कुणी वाटाणे सोलत नाही. पण शेवटच्या शब्दाशी गाडी हटकून थांबते. मग उसासा, मग घोषणा, "अडला गा!" आणि मग ते सावनेरच्या आपल्या थोरल्या ताईकडून हिंट मागवतात. कोड्यात तशी सोय आहे. अडलेल्यानं दिव्याच्या चित्रावर बोट दाबायचं, ओळखीतला खेळाडू हिंट लिहून पाठवतो.

एकदा भाजीवाल्यानं डोकावून शब्द सांगून टाकला. गुलाबराव भडकले. "तुले विचारलं होतं काय बे?" पुढे बरेच दिवस त्यांची भाजी चौकातून आली. म्हातारपणाचा हट्ट, दुसरं काय, असं म्हणून मी सोडून दिलं.

गेल्या बुधवारी ते माझ्या व्हरांड्यात येऊन बसले. चहावर साय धरली तरी कपाला हात लावला नाही. सारखा फोन उलटा-सुलटा करत होते. मधेच गच्चीवर जाऊन आले. "इथं टॉवर नाही मिळून राहिला वाटते." माझ्या फोनला तर सगळ्या काड्या होत्या.

"हिंट नाही आली?"

"रोज आंघोळीच्या आधी येते गा. आता जेवणाची वेळ झाली."

एका शब्दापायी गुलाबरावांचा बीपी वाढायचा, म्हणून मी डोकावलो. कोपऱ्यातच तर होता. "हे काय, फुलपाखरू! खालून तिरपं."

"मले मालूम आहे!" ते ओरडले. मग आवाज खाली आला. "सकाळीच दिसलं. रोजच दिसते."

"मग सोडवत का नाही?"

"ताई एकटी राह्यते. कान पार गेले, फोनची घंटी ऐकू येत नाही. बरी आहेस काय विचारलं का चिडते. 'मी काय मरून राहिली काय?' म्हणते. मागं तापात पडून होती, आम्हाले पत्ताच नाही. पण लहानपणी पाटीवर अक्षरं तिनंच शिकवली मले. माझं अडलं म्हटलं का सांगितल्याशिवाय तिले घास उतरत नाही. म्हणून अडवतो. हिंट आली का समजतो, ताई उठली." त्यांनी पुन्हा फोन पाहिला. "तिच्या शेजारचे लग्नाले गेले. आता कोणाले विचारू?"

"चला, सावनेरला जाऊ," म्हणत मी गाडीची किल्ली शोधली. गुलाबराव घाईघाईत एक त्यांची आणि एक माझी चप्पल घालून फाटकापर्यंत पोचले, तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांनी न बघताच तो माझ्या हातात कोंबला.

"तूच वाच गा. माझ्यानं नाही होत."

मी मोठ्यानं वाचलं. "गुलाब्या, डोळे फुटले काय? खालच्या 'फु'पासून तिरपं वर पाह्य. रातपासून लाइन नव्हती, चार्जिंग संपून फोन बंद पडला होता. इतकं सोपं बी येत नाही तुले!"

गुलाबराव तिथेच पायरीवर मटकन बसले. "डोळे फुटले म्हणते," ते म्हणाले, आणि ते डोळे शर्टाच्या बाहीनं पुसू लागले.

"आता टाका सोडवून," मी म्हटलं.

"थांब गा." त्यांनी चष्मा नीट केला, एकेक अक्षर शोधत काहीतरी लिहिलं आणि पाठवून मला दाखवलं.

"अजून नाही दिसलं, ताई. आणखी एक हिंट दे."