खार माहेरी जाते

एका जंगलात, बाळांनो, अस्वलशेटांचा मधाचा कारखाना होता. नीट बसा. ज्यांचा पगार वेळेवर होतो, त्यांनी मागे बसलं तरी चालेल.

या कारखान्यात एक खार मधाच्या द्रोणांना झाकणं लावायची. पगार शेंगांत मिळायचा, दर पौर्णिमेला. पण दोन पौर्णिमा कोरड्या गेल्या आणि इकडे खारीचे दिवस भरत आले. पिल्लं यायच्या आत घरात शेंगा हव्या होत्या.

"शेट, पगाराचं काय झालं?"

"अगं, मधाला उठाव नाही. आणि सारखं पगार पगार काय करतेस? आपण का परके आहोत? हे एक कुटुंब आहे. मी तुला बापासारखा!"

एवढं बोलून बाप जेवायला निघून गेला.

खार न्यायाधीश घुबडाकडे गेली. घुबड म्हणालं, "केलेल्या कामाचा पगार वेळेवर मिळणं हा तुझा हक्कच आहे. तू नक्की जिंकशील. निकाल ऐकायला तुझी नातवंडं येतील."

खार घरी येऊन पोटभर रडली. मग तिने गाठोडं बांधलं आणि थेट अस्वलशेटांची गुहा गाठली.

"बाबा, पहिलं बाळंतपण माहेरी असतं ना! आले बघा. डिंकाचे लाडू केलेत का?"

शेटांचा घास तोंडातच राहिला. शेटाणीला मुलगी नव्हती. ती हौसेने बाज टाकायला उठली.

संध्याकाळी खारीचा नवरा आला आणि दारातच रुसून बसला. जावयाला सामोरं कोणी आलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सासू आली, विहिणीचा मान घ्यायला. तिने लाडवांना नावं ठेवली आणि सात खाल्ले.

तरी शेट शेंगा सोडायला तयार नव्हते. मग कारखान्यातलं साळिंदर डोळे पुसत आलं.

"बाबा, मी थोरला. पुढे भावंडांत भांडणं नकोत. आपण आत्ताच वाटणी करून टाकू. गुहेची पूर्वेकडची बाजू मला चालेल."

शेट ताडकन उठले.

"कोण बाबा? कुणाचा बाबा? मी मालक, तुम्ही नोकर! घ्या आपापला पगार आणि चालते व्हा!"

शेंगांची पोती बाहेर आली. खारीने आपल्या शेंगा नीट मोजून घेतल्या.

"इतक्यात परकं केलंत ना, बाबा?" असं म्हणून तिने हुंदका दिला. हुंदका थोडा खराही होता. लाडू चांगले झाले होते.

हल्ली तिथे पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच पगार होतो. कारखान्याच्या दारावर पाटी आहे, 'येथे नातेवाईकांना काम दिले जात नाही.'

तात्पर्य: मालकाला नेहमी बापाच्या जागी मानावं. पगार थकला की लगेच मानावं आणि सोबत जावई न्यावा. कायदा आपल्या बाजूने असतोच, पण तो दारात रुसून बसत नाही.