डोळ्यांत सासू

सूनबाई साहित्याच्या पेपरात नापास झाली आणि तिला नापास केलं ते सासूने. घरातल्या नव्हे, कादंबरीतल्या.

अकरा वर्षं ती वाचनालयात हंगामी म्हणून राबत होती. कायम व्हायचं तर खात्याची परीक्षा पास व्हायला हवी आणि त्यात एक पेपर होता, ‘अभिजात कादंबरी : व्यक्तिरेखा आणि आशय’. पस्तीसला पास. हिला पडले एकतीस. ही तिसरी खेप, म्हणजे शेवटची. आता फक्त फेरतपासणीचा अर्ज उरला होता. तो फेटाळला की तिची खुर्ची दुसऱ्या कुणाला तरी मिळणार होती.

उत्तरपत्रिकेची प्रत तिने टेबलावर आपटली. प्रश्न चौथा : ‘कादंबरीतील सासूचे व्यक्तिचित्रण करून तिच्याद्वारे व्यक्त होणारा आशय स्पष्ट करा.’ गुण दहा. खाली हिचं उत्तर : ‘या कादंबरीत सासू नाही. नायिकेचे लग्न झालेले नाही.’ शेजारी लाल शाईत भलंमोठं शून्य.

“सासूला घरातून काढणाऱ्या सुना खूप पाहिल्या,” तिची सासू म्हणाली. “कादंबरीतून काढणारी तू पहिलीच.”

“आई, पण त्या कादंबरीत ती नाहीच!”

“असं प्रत्येक सुनेला वाटतं.”

“अहो, समुद्रातल्या खडकावर एक दीपगृह. तिथे रखवालदार, त्याची मुलगी आणि एक म्हातारी शेळी. चारशे पानांत चौथं कुणी येत नाही. यायला जागाच नाही!”

नवरा छापखान्यात टायपिंग करायचा. इतका वेळ तो भिंतीकडे बघत होता. आता त्याने हळूच विचारलं, “मग ही सासू सापडली कुठे म्हणे?”

“गाईडमध्ये. पान सत्तेचाळीस.”

“हां,” तो म्हणाला. “मग ती मीच घातली.”

दोघींनी एकदम माना वळवल्या.

“गाईड आमच्याकडेच छापलं. हस्तलिखितात होतं, ‘नायिकेच्या डोळ्यांत आसू उभे राहिले.’ माझ्याकडून ‘सासू’ पडलं. त्या दिवशी सकाळी तुमचं दोघींचं वाजलं होतं. डोक्यात दुसरं काही नव्हतंच.”

“आणि कुणी तपासलं नाही?”

तपासलं होतं ना! मुद्रितशोधक व्याकरणाचा पक्का. ‘सासू उभे राहिले’ बघून त्याचं डोकं सणकलं. त्याने दुरुस्ती केली : ‘डोळ्यांत सासू उभी राहिली.’ डोळ्यांत आख्खी सासू मावते कशी, हे विचारणं त्याच्या कामात बसत नव्हतं. उलट त्याने समासात शेरा मारला, ‘सासूचे व्यक्तिचित्रण राहून गेले आहे.’ गाईडवाल्या सरांनी ती कादंबरी कॉलेजात असताना पाहिली होती, तीही बाहेरून. शेरा वाचून ते ओशाळले आणि संध्याकाळपर्यंत दोन पानं लिहून मोकळे झाले. बाई कुठे बोलत नाही? मग ‘तिचे मौन बोलके आहे’. बाई कुठे दिसत नाही? मग ‘अनुपस्थित असूनही ती सर्वव्यापी आहे’. आडात नव्हतं, पण पोहऱ्यात दोन पानं आली.

पुढे सगळं रीतसर झालं. गाईड बघून पेपर काढायचा, गाईड पाठ करून लिहायचा, गाईड शेजारी उघडं ठेवून तपासायचा. कादंबरी बिचारी कपाटात धूळ खाते आणि या धंद्याला साहित्याचा अभ्यास म्हणतात. आंधळं दळतं, कुत्रं पीठ खातं. इथे तर कुत्र्यालाही दिसत नव्हतं.

“उद्या मी परीक्षकांकडे येतो,” नवरा म्हणाला. “खरं काय ते सांगतो. फार तर नोकरी जाईल.”

“मीही येते,” सासूने चष्मा पुसला. “विषय माझा आहे.”

मुख्य परीक्षकांच्या खोलीत उत्तरपत्रिकांचे गठ्ठे छताला टेकले होते. साहेबांनी तिघांकडे पाहून विचारलं, “या कोण?”

“मी सासू,” म्हातारी म्हणाली. “खरी. छपाईची चूक नाही.”

सूनबाईने कादंबरी पुढे सरकवली. “यात ती कुठल्या पानावर आहे, दाखवा.”

साहेबांनी पुस्तकाला हात लावला नाही. “बाई, तीन हजार आठशे जणांनी सासू लिहिलीय. तुम्ही एकट्या म्हणता, ती नाही.”

“त्यांनी गाईड वाचलंय. मी कादंबरी वाचलीय.”

“तिथेच चुकलात. थोर लेखकाची पात्रं ओळींत नसतात, दोन ओळींच्या मधल्या जागेत असतात.”

“राहू दे सासूला मधल्या जागेत. पण नवरा तरी एखाद्या ओळीत हवा ना? नायिकेचं लग्नच झालं नाही!”

“लग्न नाही आणि तरी सासू आहे.” साहेबांचे डोळे चमकले. “म्हणून तर ती शोकांतिका!”

नवऱ्याला राहवेना. “सर, आशय वगैरे काही नाही त्यात. माझं बोट चुकलं. ‘आ’च्या जागी ‘सा’ पडला.”

 साहेब मान डोलावत म्हणाले, “म्हणजे नेणिवेतून आली.”

“नेणिवेतून नाही, भांडणातून आली,” सासू म्हणाली. “मी होते तिथे.”

साहेबांनी दार लोटून घेतलं आणि आवाज खाली आणला. “हे बघा. तुम्हाला बरोबर म्हटलं, तर तीन हजार आठशे चूक. ते चूक, तर पेपर काढणारा चूक.”

“कुणी काढला पेपर?”

“पंखा जरा वाढवा हो,” साहेब नवऱ्याला म्हणाले. मग कपाळ पुसून सूनबाईकडे वळले. “असं करा. सासू असती तर कशी असती, तेवढं दोन ओळींत लिहून द्या. चार गुण देतो. पस्तीस होतील, विषय संपेल.”

कोरा कागद पुढे आला, त्यावर पेनही आलं. अकरा वर्षांची नोकरी त्या दोन ओळींवर येऊन थांबली होती.

“जी नाहीच त्या बाईबद्दल मी एक अक्षर लिहिणार नाही,” सूनबाई उठली. “मी लिहिलंय ते उत्तर आहे. ते तपासा.”

जिन्यात सासू म्हणाली, “लिहून टाकायचंस की गं. समोर मी बसले होते, मला बघून लिहायचंस.”

“तुम्हाला बघून लिहिलं असतं तर दोन ओळींत मावलं नसतं, आई.”

त्या आठवड्यात वाचनालयातल्या टेबलाच्या खणातून तिने आपला चष्मा, डबा आणि शाल घरी आणून ठेवली होती. आठव्या दिवशी लिफाफा आला. तिने फोडला, वाचला आणि नवऱ्याच्या अंगावर टाकला. त्याने मोठ्याने वाचायला घेतला :

“‘परीक्षार्थीने सासूच्या अस्तित्वालाच नकार देऊन या व्यक्तिरेखेचा अत्यंत मूलगामी अन्वयार्थ लावला आहे. सासूचे इतके सखोल विश्लेषण अन्य एकाही उत्तरपत्रिकेत आढळले नाही. दहापैकी नऊ गुण. उत्तर त्रोटक असल्याने एक गुण वजा. परीक्षार्थी उत्तीर्ण.’ अगं, चाळीस झाले! कायम झालीस तू!”

सासूने टाळी वाजवली. सूनबाईने मात्र कागद ओढला, पेनाचं टोपण काढलं आणि दातओठ खात लिहायला बसली.

“आता काय लिहितेस?”

“तो अन्वयार्थ नाही, ती वस्तुस्थिती आहे! ती बाई नाही म्हणजे नाही! आत्ताच्या आत्ता कळवते त्यांना.”

नवऱ्याने झडप घालून पेन काढून घेतलं.

“बाई, हात जोडतो, गप बस! आणखी एक ओळ लिहिलीस तर डॉक्टरेट देतील.”